चपला राखायला कोण बसणार?

मैत्रिणींनो, घरातला सहलीच्या फोटोंचा आल्बम एकदा काढून बघा. आल्बम मोबाईलमध्ये गेला असेल तर मोबाईल उघडा. त्यात समुद्राचे फोटो असतीलच. लाटांत उड्या मारणारी मुलं असतील, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिलेले 'हे' असतील, दीर असतील, भाचरं असतील. आता त्यात स्वतःला शोधा. सापडलात तर बहुधा कडेला, वाळूत अंथरलेल्या चादरीवर, सहा जोड चपला, दोन पिशव्या आणि चष्म्यांच्या मधोमध बसलेल्या सापडाल.

मी तरी तशीच सापडले. लग्नाला तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गणपतीपुळं झालं, वेंगुर्लं झालं, गोवा झाला, पण समुद्राचं पाणी माझ्या घोट्याच्या वर कधी चढलं नाही. कुणी मनाई केली होती म्हणाल, तर तसंही नाही. कुणीतरी सामानाजवळ थांबायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मलाही ते ठरलेलंच वाटायचं.

गेल्या वर्षी दसऱ्याला लागून तीन दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही मालवणजवळच्या तारकर्लीला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्या तीन दिवसांत माझी चादर सुटली. कशी, ते सांगते, आणि सांगता सांगता तुम्हाला उपयोगी पडेल तेही सांगते.

हीच वेळ का?

परदेशात भूमध्य समुद्राच्या काठी सुट्टीची गावं आहेत. तिथं जाणकार माणसं ऑगस्टची गर्दी टाळून सप्टेंबरात जातात म्हणे. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा ऊबदार असतं आणि जागाही स्वस्तात मिळते. आपल्या कोकणाचंही थोडंफार तसंच आहे, फक्त आपल्याकडे मध्ये पावसाळा येतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळीबांधव दर्याला नारळ वाहतात, होड्या हळूहळू पाण्यात उतरतात, आणि आश्विन लागेपर्यंत समुद्र बराचसा निवलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत जावं. मुलांची सहामाही आडवी येते, पण शनिवार-रविवार साधता येतो.

कोल्हापुराहून मालवण सुमारे दीडशे किलोमीटर. गगनबावड्यावरूनही रस्ता आहे. आम्ही राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल असे गेलो. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरीचं धरण भरलेलं, दाजीपूरचं जंगल धुऊन काढल्यासारखं, आणि घाट उतरला की पिवळं पडत चाललेलं भात. घाटात मुलांना मळमळतं म्हणून मी आल्याच्या वड्या घेतल्या होत्या. त्या सगळ्या ह्यांनाच लागल्या.

पहिली संध्याकाळ

तारकर्लीला आम्ही हॉटेलात न उतरता एका घरात उतरलो. माडांच्या बागेत दोन खोल्या, मागे विहीर, आणि जेवण घरमालकीणकाकूंच्या हातचं. त्या दिवशी एकादशी होती. सासूबाईंचा उपास म्हटल्यावर काकूंनी न सांगता शहाळं फोडून दिलं.

चारच्या सुमाराला समुद्रावर गेलो. पाणी खूप लांब होतं, पुळण ऐसपैस मोकळी. मी सवयीप्रमाणे चादर अंथरली, पाण्यापासून चांगली लांब, निदान मला तसं वाटलं. मुलं आणि हे पुढे गेले. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. त्यांची नजर मात्र पाण्यावरून हलत नव्हती.

हे मुलांना घेऊन लाटांत शिरले, पण धाकटा लाटांना घाबरायला लागला. थोड्या अंतरावर एक पट्टा असा होता की तिथं लाटा फुटतच नव्हत्या. पाणी सपाट आणि जरासं गडद. "इथं शांत आहे, इकडं या," म्हणत हे मुलांना तिकडं न्यायला लागले. तेवढ्यात मागून काकूंची हाक आली. त्या शेजारणीबरोबर फेरी मारायला आल्या होत्या.

"थंय जाव नकात! थंय पाणी ओढता!"

हे थबकले. काकूंनी जवळ येऊन जे समजावलं, ते मी घरी येऊन पुस्तकात पडताळून पाहिलं, आणि ते तुम्ही जरूर लक्षात ठेवा. लाटा किनाऱ्याला येऊन फुटतात, तेवढं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथं खाली खोलगट असतं तिथून ते जोरात आत समुद्रात जातं. म्हणून तिथं लाटा फुटत नाहीत, आणि अजाण माणसाला तीच जागा सगळ्यांत सुरक्षित वाटते! त्यात कुणी सापडलंच, तर सरळ किनाऱ्याकडे यायची धडपड करायची नाही. तशानं दम संपतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं. पुढे देवबागेला कर्ली नदी समुद्राला मिळते. तो संगम बघायला सुंदर, पण तिथं पाण्यात उतरायचं धाडस करू नये.

माझ्या पोटात गोळा आला. मी धावतच पाण्याकडे गेले, मुलांना ओढून घेतलं आणि तिथंच उभी राहून ऐकत राहिले. चादरीची आठवण आली तोवर भरती चादरीपर्यंत पोचली होती. पिशव्या सासूबाईंनी उचलल्या, पण ह्यांची एक कोल्हापुरी चप्पल आणि माझ्या दोन्ही चपला गेल्या. तेरा वर्षं राखल्या, आणि पंधरा मिनिटं नजर हलली तर गेल्या. मी ओशाळून काही बोलणार, तोच हे म्हणाले, "चपला गेल्या तर गेल्या. पोरं आहेत नव्हं?"

पाऊणकीचा पाढा

रात्री जेवताना काकूंना विचारलं, भरती कधी येणार हे तुम्हाला कळतं कसं? त्या हसल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. हिशोब असा: त्या दिवसाच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठ आणि रात्री साडेआठच्या आसपास भरती, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. आम्ही चारला गेलो तेव्हा ओहोटी नुकती संपून पाणी चढायला लागलं होतं. मी चादर अंथरली ती भरतीच्याच वाटेवर! शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. गावागणिक तासभर मागंपुढं होतं, म्हणून नेमकी वेळ तिथल्याच माणसाला विचारावी. पण अंदाजाला हा पाढा पुरतो. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यांत जास्त चढतं आणि सगळ्यांत जास्त ओसरतं.

मी शाळेत गणित शिकवते. पाऊणकीचा पाढा आता कशाला लागतो, असं विचारणाऱ्या मुलांना सांगायला मला एक चांगलं उत्तर मिळालं.

दुसरा दिवस

द्वादशीला सकाळी मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. शिवरायांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. दरवाजा असा बेतलेला, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. नावंच किती घरगुती! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपला पन्हाळा आहे तसाच हाही आहे. मुलांना हे सांगितल्यावर त्यांची छाती उगीचच फुगली. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि मुलांचे बंद स्वतः बांधा.

दुपारी बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. सासूबाई मासे खात नाहीत. त्यांच्यासाठी काकूंनी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे केले. तेही आम्हीच अर्धे संपवले.

साडेचारला पुन्हा समुद्रावर. आज हिशोब आम्हीच केला होता: बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे तीनला ओहोटी, आता पाणी हळूहळू चढणार. पाणी बाहेर ओढणाऱ्या ओहोटीपेक्षा ही वेळ बरी. जागा काकूंनी दाखवून दिली. मी चादर उघडणार, तोच सासूबाई उठल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि तडक चालू लागल्या.

"अहो आई, कुठं?"

"पाण्यात. कृष्णाकाठची हाय मी. पोरगी व्हती तवा सुसरीवानी पवायची."

मला हे ठाऊकच नव्हतं! त्यांचं माहेर नरसोबाच्या वाडीजवळचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आल्या. "लगीन झालं आन् पवणं सरलं," एवढंच म्हणाल्या. पन्नास वर्षांत न्हाणीघरातल्या बादलीपलीकडचं पाणी त्यांच्या अंगाला लागलं नव्हतं. त्याही माझ्यासारख्याच कितीतरी चादरींवर बसल्या असतील. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून कधी विचारलं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते चादर माझ्या हातातून घेत म्हणाले, "जा तू. आज चपला मी बघतो."

सासूबाईंचा हात धरून मी कमरेइतक्या पाण्यात गेले. लाट आली की त्या म्हणायच्या, "पाय उचल, अंग टाक तिच्यावर." पहिल्या लाटेला मी नाकातोंडात पाणी घेतलं. तिसऱ्या लाटेला पाय आपोआप उचलले गेले. लोक बघत होते का? असतील. मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. अर्ध्या तासानं बाहेर आलो तेव्हा माझ्या थोरल्यानं काढलेला फोटो दाखवला. हात हललेला, फोटो पुसट. पण त्यात आम्ही दोघी पाण्यात आहोत.

निघताना एवढं करा

साडीनं पाण्यात उतरू नका. ओली साडी पायात गुंतते. सुती किंवा सिंथेटिक सलवार-कमीज बरी. ओढणी मात्र चादरीवर ठेवा. सासूबाईंचा काष्टा घट्ट होता म्हणून निभावलं.

बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र खोलीतच ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गळते ते कळत नाही.

कोल्हापुरी चप्पल नेऊ नका. मिठाच्या पाण्यानं कातडं कडक होऊन तडकतं. रबरी चप्पल न्या, म्हणजे गेली तरी जीव हळहळत नाही.

एका वेळी एका मोठ्या माणसानं फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं. गप्पा नाहीत, मोबाईल नाही. पाळी लावून घ्या आणि त्या पाळीत घरातले पुरुषही धरा.

आश्विनात दुपारनंतर वळवासारखा पाऊस येतो. ढग गडगडले की लगेच पाण्याबाहेर या. किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला मुलांना हात लावू देऊ नका. मेलेलीही डंख करते.

अंगाची वाळू वाळल्यावर टाल्कम पावडर लावून झटका, सरसर निघते. ओले कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा. मीठ राहिलं तर कपडा कितीही वाळवा, दमटच राहतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, घरातून निघतानाच विचारून ठेवा, "चपला राखायला कोण बसणार?" भांडू नका, नुसतं विचारा. आमच्या घरी आता ठरलंय, पाळीपाळीनं बसायचं. या आश्विनात पुन्हा जाणार आहोत. सासूबाईंनी आत्तापासूनच कॅलेंडरवर तिथीची पाऊणपट मांडायला सुरुवात केली आहे.