'प्रशिया' : एका नावाचे बदलते अर्थ

'प्रशिया' हे नाव मूळचे बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्यावरील, बाल्टिक भाषा बोलणाऱ्या जमातींचे होय. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक नाइट्स या लढाऊ धर्मसंघाने त्यांना जिंकले. जितांचे नाव भूमीला मात्र कायम राहिले. इ. स. १५२५ मध्ये तेथे ड्यूकचे राज्य आले. १७०१ मध्ये ब्रँडेनबुर्गच्या होहेनझोलर्न घराण्याने याच भूमीच्या नावावर राजपद धारण केले आणि कालांतराने ऱ्हाईनपर्यंतचे त्याचे प्रदेश 'प्रशिया' म्हणून ओळखले जाऊ लागले. मूळ प्रशियन भाषा अठराव्या शतकाच्या आरंभीच लुप्त झाली. १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांनी हे राज्य औपचारिकरीत्या विसर्जित केले. म्हणून या नावाने जमात, प्रदेश की राज्य अभिप्रेत आहे, हे अभ्यासकाने कालनिर्देशासह स्पष्ट करणे आवश्यक ठरते.