डॉलर मोजा, मॉस्कोचं नाटक पाहा

सोव्हिएत सरकारने 1929 साली इन्टुरिस्ट ही पर्यटन कंपनी काढली, त्यामागे परकीय चलनाची भूक होती. पंचवार्षिक योजनेची यंत्रं बाहेरून आणायची, आणि रुबलला तर बाहेर कुणी विचारत नव्हतं. सरकारने धान्य विकलं, हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं विकली. 1933 पासून नाटकंही विकायला काढली. युक्रेनमध्ये माणसं भुकेने मरत होती, त्याच वर्षी. त्यासाठी भरवलेला मॉस्को नाट्यमहोत्सव 1937पर्यंत चालू राहिला; पुढे सप्टेंबरचे पहिले दहा दिवस त्यासाठी ठरून गेले.

पाहुणे बहुतेक युरोप-अमेरिकेतले रंगकर्मी, समीक्षक आणि हौशी प्रवासी. हॉटेल, जेवण, दुभाषा, रोज रात्रीचं तिकीट, सगळं कंपनीच्या हाती; दिवसा कारखाना नि पाळणाघर दाखवायचं, तेही निवडून.

हा निव्वळ देखावा होता, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण रंगमंचावरचा माल अस्सल होता. वाख्तांगोवने बसवलेलं ‘तुरांदोत’ 1922पासून गाजत होतं. तायरोव, मेयरहोल्ड हे दिग्दर्शक आणि प्रेक्षकांच्या मधोमध नाटक खेळवणारा ओख्लोपकोव एकाच शहरात काम करत होते. नतालिया सात्सचं बालरंगभूमीवरचं काम होतं, रोमा कलाकारांचं ‘रोमेन’ नाट्यगृह होतं, ज्यू रंगभूमीवर नट मिखोएल्सचा यिडिश ‘लिअर’ होता. रशियनचं अक्षर कळत नसलेल्या पाहुण्यालाही हे पुरून उरायचं, कारण मेयरहोल्डचा नट संवादाइतकाच अंगाने बोलायचा. असं वैभव तेव्हा दुसऱ्या एखाद्या गावात क्वचितच असेल.

पण दाखवणारा आणि बंदी घालणारा हात एकच होता. जानेवारी 1936मध्ये स्टालिन शोस्ताकोविचच्या ‘लेडी मॅकबेथ’ या ऑपेरातून मध्येच उठून गेला. दोनच दिवसांत ‘प्रावदा’ने तिच्यावर झोड उठवली आणि ती मंचावरून उतरली. सात्सला 1937मध्ये अटक झाली. मेयरहोल्डचं नाट्यगृह जानेवारी 1938मध्ये बंद पडलं. ज्यू रंगभूमी 1949पर्यंत तगली. मिखोएल्सचा खून त्याआधीच, 1948मध्ये, झाला होता.

टाळ्या वाजवून परतलेल्यांना भोळं ठरवणं मला पटत नाही. नाटक त्यांनी नीट पाहिलं. चुकलं ते एवढंच, की नाटक चांगलं म्हणून राजवटही चांगली असं अनेकांनी धरलं. त्याच राजवटीने मेयरहोल्डला 2 फेब्रुवारी 1940 रोजी गोळ्या घातल्या, आणि त्याला निर्दोष ठरवायला सरकारला 1955 साल उजाडावं लागलं.