मन शांत करायचं म्हणजे नेमकं काय?

परिपाठ झाला की आमच्या वर्गातली मुलं दहा मिनिटं डोळे मिटून बसतात. पहिल्या आठवड्यात एक डोळा किलकिला ठेवून शेजाऱ्याला कोपर मारणं, हेच चालायचं. मग मी ओरडायचो, "शांत बसा रे!" वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा.

मित्रांनो, या बसण्याला आनापान म्हणतात. 'मित्र उपक्रमा'तून ते महाराष्ट्रातल्या शाळांत आलं. आपल्याकडे ते पसरलं सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे. ते म्यानमारमधल्या मंडालेचे, मोठे व्यापारी. अर्धशिशीनं इतके हैराण, की वेदना थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायचे. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. गुरूंनी आधी नाहीच म्हटलं! नुसती डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात मोबाईल जमा करावा लागतो, बोलणं बंद असतं, आणि पहिले तीन दिवस फक्त आनापान करायचं असतं.

करायचं एवढंच की नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, मनात कोणतं नाव घ्यायचं नाही. जसा आहे तसा फक्त जाणायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण चार श्वासांत मन पळतं. इथेच आपण चुकतो. मन पळालं म्हणजे आपल्याला जमत नाही, असं समजून स्वतःवरच चिडतो. खरं तर पळालं हे लक्षात येणं आणि न चिडता परत येणं, हाच अभ्यास आहे. बाहेर आवाज असला तरी चालतो. रोवणीच्या दिवसांत शाळेशेजारून चिखलणीचे ट्रॅक्टर जातात, त्यांना कोण थांबवणार?

माझंच सांगतो. डोळे मिटले की खिशातला मोबाईल थरथरतो. ग्रुपवर कोणती माहिती तातडीनं मागवली असेल, हाच विचार. आता मोबाईल कपाटात ठेवतो. ओरडणं पूर्ण गेलेलं नाही, पण ओरडण्याआधी श्वास जोरात चाललाय हे कधीकधी कळतं.

परवा चौथीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, माहा मन चारदा बांधीत जाऊन आला."

"मग परत आणलास का?"

"आणलो ना! पाचव्यांदा गेला, तवा तुमची घंटी वाजली."