कुठला संकेत कुठल्या अणूचा?

1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात साध्या इथेनॉलने, म्हणजे नेहमीच्या अल्कोहोलने, यंत्राच्या पडद्यावर तीन शिखरे उमटवली. त्यांच्या आकारांचे प्रमाण होते 3:2:1. इथेनॉलच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. तीन एका कार्बनला लागून, दोन दुसऱ्या कार्बनला आणि एक ऑक्सिजनला. रेणू न तोडता, न जाळता यंत्राने ही मांडणी बिनचूक सांगितली होती. हा शोधनिबंध तिघांच्या नावावर आहे: जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड.

यातले धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आले आणि तिथे त्यांनी या तंत्राचा पाया घातला. तंत्राचे नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात एनएमआर. प्रथिने, डीएनए, आरएनए यांसारखे जीवरेणू मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची एक अख्खी परंपरा मुंबईत उभी राहिली, तिची सुरुवात इथे झाली.

हायड्रोजनचे अणुकेंद्रक एका चिमुकल्या चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याच्यावर रेडिओलहरी सोडल्या, तर ठरावीक वारंवारितेलाच ते प्रतिसाद देते. मात्र भोवतालचे इलेक्ट्रॉन त्याला थोडा आडोसा देतात, त्यामुळे वारंवारिता किंचित सरकते. कार्बनशेजारचा हायड्रोजन एका जागी संकेत देतो, ऑक्सिजनशेजारचा दुसऱ्या जागी. अणूचा शेजार कळतो तो या सरकण्यातून.

मीरा रोडला किंवा भाईंदरला ज्यांचा गुडघा किंवा मणका एमआरआयच्या बोगद्यात तपासला गेला आहे, त्यांनी हे तत्त्व स्वतःच्या शरीरावर अनुभवले आहे. एमआरआय प्रामुख्याने शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनचे संकेत टिपून चित्र काढते. रसायनशास्त्रज्ञाचे एनएमआर एकेका रेणूच्या आत डोकावते, म्हणून त्याला आणखी जोरदार चुंबक लागतो.

असे यंत्र इवल्याशा नमुन्यासाठी केवढा खटाटोप करते, ते पाहण्यासारखे आहे. 500 मेगाहर्ट्झच्या यंत्रातले क्षेत्र 11.7 टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अडीच लाख पटींहून जास्त. ते निर्माण करणारी अतिवाहक तार उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात. बाहेरून द्रवरूप नायट्रोजनचे आवरण असते आणि दोन्ही द्रव वेळोवेळी भरावे लागतात. मधोमध जाते ती पाच मिलिमीटर व्यासाची काचनळी. तिच्यात असतो जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रव.

टीआयएफआरमध्ये असे 500 मेगाहर्ट्झचे राष्ट्रीय एनएमआर केंद्र 1983 मध्ये सुरू झाले. त्यामागे तिथल्याच गिरजेश गोविल या शास्त्रज्ञाचे मोठे परिश्रम होते. गोविल आणि त्यांचे सहकारी रामकृष्ण होसूर यांनी जीवरेणूंच्या रचनेवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक त्याआधीच, 1982 मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे प्रश्न तयार होते, यंत्र मागून आले.

प्रश्न अवघडच होते. इथेनॉलमध्ये सहा हायड्रोजन. शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनात शेकडो. सकाळच्या चर्चगेट लोकलच्या डब्यात सगळे एकदम बोलू लागले तर कोण काय म्हणाले हे कळत नाही, तशीच ही शिखरे एकमेकांवर चढतात. रिचर्ड अर्न्स्ट यांनी 1970च्या दशकात त्यावर वाट काढली. एका रेषेवर दाटलेले संकेत त्यांनी नकाशासारखे दोन मितींत पसरवले. त्यांना 1991 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कुर्ट व्ह्यूट्रिख यांनी पुढे जाऊन, मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाइतक्या अंतरात असलेल्या हायड्रोजनच्या जोड्या शोधून प्रथिनांचे त्रिमितीय आकार काढले. 2002 च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

तरीही मूळ कोडे उरतेच: कुठला संकेत साखळीतल्या कुठल्या कडीचा? ते सुटल्याशिवाय पुढचे एकही अंतर मोजता येत नाही.

होसूर यांच्या गटाचे महत्त्वाचे काम याच जागी आहे. त्यासाठी आधी जिवाणूंना खास खुराक द्यावा लागतो. निसर्गातल्या नायट्रोजनपैकी एनएमआरला सोयीचा नायट्रोजन-15 अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि कार्बन-13 एक टक्क्याच्या आसपास. म्हणून हेच समस्थानिक असलेले अमोनियम क्लोराइड आणि ग्लुकोज घालून जिवाणू वाढवतात. त्यांनी बनवलेले प्रथिन मग हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन या तिन्ही मूलद्रव्यांच्या संकेतांनी बोलू लागते. 2001 मध्ये या गटाने एचएनएन आणि एचएन(सी)एन या प्रयोगांची सुधारित त्रिमितीय रूपे प्रसिद्ध केली. त्यांत एका अमिनो आम्लाबरोबर त्याच्या मागच्या-पुढच्या शेजाऱ्यांचे संकेत दिसतात. ग्लायसिन आले की शिखरांच्या धन-ऋण चिन्हांचा क्रम बदलतो, प्रोलिन आले की संकेतांची साखळी तुटते. या खुणा धरत प्रथिनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत जाता येते. एचआयव्हीच्या प्रोटीएझ या प्रथिनाचा अभ्यासही या गटाने केला. होसूर यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली.

अशा रसायनशास्त्रज्ञाच्या हातात पाना-पक्कड क्वचितच असते. यंत्र तेच राहते; बदलतो तो रेडिओलहरींच्या स्पंदांचा क्रम. एक स्पंद साधारण दहा मायक्रोसेकंदांचा, मध्ये काही मिलिसेकंदांची विश्रांती, मग दुसऱ्या मूलद्रव्याला स्पंद. स्पंदांच्या या ओळी कागदावर गणिताने मांडायच्या, संगणकात भरायच्या आणि प्रत्यक्ष प्रथिनावर तपासायच्या. त्याच यंत्राकडून काल न मिळालेली माहिती आज मिळते, ती या नव्या क्रमामुळे. क्वांटम यांत्रिकी, जीवरसायन आणि प्रयोगशाळेतला सराव या तिन्हींची जोड इथे लागते.

मीरा-भाईंदरच्या बारावीतल्या मुलामुलींना ही वाट लांबची नाही. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी अभ्यासक्रम आहे, आणि प्रवेश नेस्ट या परीक्षेतून मिळतो. होसूर या केंद्राचे संचालक होते. पुढची पीएचडी टीआयएफआर, आयआयटी मुंबई किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे करता येते.

काम भरपूर पडले आहे. प्रथिनांचे आकार संगणकाने वर्तवण्यासाठी 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा दिला गेला, पण काही प्रथिनांना ठाम आकारच नसतो. पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूच्या पेशींत साचणारे अल्फा-सिन्युक्लिन हे 140 अमिनो आम्लांचे प्रथिन मोकळे असताना सतत रूप बदलत राहते. त्याचा स्फटिक करता येत नाही आणि एका चित्रात ते मावत नाही. त्याची एकेक कडी द्रावणात, हलतानाच मोजायची, तर एनएमआरइतके उपयोगी साधन दुसरे क्वचितच आहे.