न पडता येणारी दाढ

दुधाचा दात पडला की घरात केवढा गाजावाजा होतो! आमच्या लहानपणी तो कौलांवर फेकायचा सोहळाच असे. पण त्याच सुमारास, साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही. म्हणून आईबापांना तिचा पत्ता नसतो. दिसलीच, तर ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून तिची कीडही चालवून घेतली जाते.

ही समजूत महागात पडते. वर दोन, खाली दोन अशा या चार दाढा कायमच्या. त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत. एक काढावी लागली, तर मागची दाढ रिकाम्या जागेत कलते.

तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही तळाशी पोचत नाही. उगवताना ती ठेंगणी असते, म्हणून ब्रश वरूनच निसटतो. तेव्हा सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दंतवैद्य या खाचा पातळ लेपाने बुजवतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणे नाही.

बँकेत मी पुष्कळ मुदतठेवी पाहिल्या. सहाव्या वर्षी मिळून साठीनंतरही शेंगदाणे चावू देणारी ठेव मात्र हीच. घरात सहा वर्षांचे मूल असेल, तर आजच त्याला ‘आ कर’ म्हणा आणि अगदी मागे डोकावा.