सिगारेटचा कागद : धुराची घडण बदलणारी छिद्रे

सिगारेटच्या कागदाचे वजन चौरस मीटरला साधारण २५ ग्रॅम भरते. वहीच्या कागदाच्या निम्म्यानेही नाही. एका सिगारेटला त्याचा जेमतेम १६ चौरस सेंटिमीटरचा तुकडा लागतो, म्हणजे वजनाने सुमारे ४० मिलिग्रॅम. आत गुंडाळलेली तंबाखू याच्या पंधरा-वीस पट जड असते. तरीही झुरक्यात टार किती येणार, कार्बन मोनॉक्साइड किती येणार, सिगारेट किती वेळ जळणार आणि हातातून खाली ठेवली तर ती विझणार की धुमसत राहणार, यातले बरेच काही हा कागदच ठरवतो. त्याला छिद्रे असतात आणि ती हिशोबाने ठेवलेली असतात.

गेल्या सत्तर वर्षांत या छिद्रांवर माणसाने जे प्रभुत्व मिळवले, ते थक्क करणारे आहे. मात्र ते कोणत्या कसोटीवर तपासले गेले, हे समजून घेतल्याशिवाय ही माहिती अपुरी राहते. याच कागदाच्या एका रचनेने लोकांची दिशाभूल केली आणि दुसऱ्या रचनेने जीव वाचवले.

जवसाच्या काडापासून

उत्तम सिगारेट-कागदासाठी जवसाचे आणि वाखाचे लांब, चिवट तंतू वापरतात. त्यांच्या जोडीला लाकडाचा लगदा असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकी सिगारेट कंपन्या हा कागद मुख्यतः फ्रान्सहून मागवत. हॅरी स्ट्राउस या उद्योजकाने नॉर्थ कॅरोलायना राज्यात पिस्गा फॉरेस्ट येथे इकस्टा नावाची गिरणी उभारली. तिचे उत्पादन १९३९ च्या सप्टेंबरात, युरोपात युद्धाला तोंड फुटले त्याच सुमारास सुरू झाले. शेतकरी बी काढून घेतल्यावर जे काड टाकून देत, त्याच जवसाच्या काडापासून ही गिरणी कागद करू लागली.

तंतू पाण्यात किती कुटले जातात, यावर कागदाची सच्छिद्रता आधी ठरते. कुटाई वाढली की तंतूंच्या अंगावर बारीक धागे सुटतात, ते एकमेकांत घट्ट गुंततात आणि हवेला वाट उरत नाही. मग लगद्यात कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळतात. तयार कागदाच्या वजनात तिचा वाटा पाव ते एक तृतीयांश इतका मोठा असतो. तिचे मायक्रॉनच्या मापाचे कण तंतूंमध्ये शिरतात, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि त्या फटींतून हवा खेळते. कणांचा आकार बदलला की फटीही बदलतात. शेवटी कागदाला पोटॅशियम किंवा सोडियम सायट्रेटचे द्रावण लावतात. कागद किती वेगाने जळेल, हे त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते.

एवढ्याने हवी तितकी सच्छिद्रता साधली नाही, तर कागदाला नव्याने छिद्रे पाडतात. वेगाने सरकणाऱ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना विद्युदग्रे ठेवलेली असतात. त्यांच्यातली ठिणगी कागद भेदून जाते आणि नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे छिद्र मागे राहते. फिल्टरभोवतीचा कागद जाड असतो. त्याला लेसरने छिद्रांच्या ओळी पाडतात.

ही सच्छिद्रता मोजण्याचे एककही ठरलेले आहे. तंबाखूविषयक संशोधनासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या कॉरेस्टा या संस्थेचे नाव त्याला दिले आहे. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात एक किलोपास्कलचा फरक असताना एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला जितके घन सेंटिमीटर हवा जाते, तितके कॉरेस्टा युनिट. एक किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब. माणूस झुरका घेतो तेव्हा सिगारेटमध्ये निर्माण होणारे शोषणही साधारण याच पल्ल्यातले असते. नेहमीच्या कागदाची सच्छिद्रता काही दहांपासून शंभर-दोनशे युनिटांपर्यंत हवी तशी ठेवता येते.

दोन सेकंदांत काय घडते

ओठांत धरलेली सिगारेट दोन वेगवेगळ्या रीतींनी जळते. झुरक्यांच्या मधल्या वेळेत ती नुसती धुमसते आणि तिच्या टोकाचा धूर थेट खोलीत पसरतो. झुरका घेतला की हवा कागदाच्या जळत्या कडेपाशी जोराने आत शिरते आणि तिथले तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर चढते. निखाऱ्याच्या आत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. त्याच्या लगेच मागच्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात तंबाखू जळत नाही, नुसती तापते. तिथे तिचे विघटन होते, तिच्यातले पदार्थ वाफ होऊन निघतात आणि मागे सरकताना थंड होऊन सूक्ष्म थेंब बनतात. टार आणि निकोटिनचा मोठा भाग या थेंबांतून येतो.

कागद सच्छिद्र असेल, तर झुरक्याच्या त्या दोन सेकंदांत हवा निखाऱ्यातूनच नव्हे, तर सिगारेटच्या सबंध अंगातून आत येते. त्यामुळे निखाऱ्यातून कमी हवा ओढली जाते आणि एका झुरक्यात कमी तंबाखू जळते. जो धूर तयार होतो, तो बाजूच्या हवेने पातळ होतो. तो तंबाखूच्या चुऱ्यातून सावकाश सरकत असल्याने त्यातले काही थेंब तिथेच अडकून राहतात. शिवाय कागदातून निखाऱ्याला हवा मिळत राहते, म्हणून सिगारेट मधल्या वेळेत लवकर जळून संपते आणि झुरक्यांची संख्याही घटते.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. हवा बाहेरून आत येत असतानाच काही वायू त्याच छिद्रांतून उलट दिशेने बाहेर निसटतात. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांचे रेणू लहान आणि चपळ असतात. आतली त्यांची दाटी बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने विसरणाच्या नियमाने ते कागदापार होतात. टारचे थेंब रेणूंच्या मानाने अवाढव्य असल्याने त्यांना असे निसटता येत नाही. त्यामुळे कागदाची छिद्रे धूर केवळ पातळ करत नाहीत, तर त्यातल्या घटकांचे परस्पर प्रमाणही बदलतात. फिल्टरवरची छिद्रे मात्र धूर शेवटच्या टप्प्यावर पातळ करतात. दोन्हींचा मेळ घालून टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे हवे तिथे आणून ठेवता येतात. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात जळत्या सिगारेटच्या आतल्या तापमानाचे आणि वायूंचे बारकाईने नकाशे काढले गेले, तेव्हा ही सारी प्रक्रिया स्पष्ट झाली.

आकडे उतरले

या कौशल्याला मागणी आली ती भीतीपोटी. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम या संशोधकांनी, तर ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यातला संबंध दाखवून दिला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९६७ पासून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या देखरेखीखाली प्रत्येक ब्रँडच्या सिगारेटची यंत्राने तपासणी सुरू झाली. दर मिनिटाला एक झुरका, तो दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा, अशी पद्धत होती.

या कसोटीवर सच्छिद्र कागद आणि छिद्रांचा फिल्टर नेमके उतरले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींतील टारची सरासरी पन्नासच्या दशकात ३५ मिलिग्रॅमच्या वर होती, ती नव्वदच्या दशकात १२ मिलिग्रॅमच्या आसपास आली. पाकिटांवर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द झळकू लागले. अनेकांनी सिगारेट सोडण्याऐवजी सौम्य सिगारेट धरली आणि आपण तब्येतीची काळजी घेतली, या समजुतीत ते राहिले.

यंत्र आणि माणूस

यंत्राला निकोटिनची तल्लफ येत नाही, माणसाला येते. धूर पातळ लागला की तो नकळत मोठा झुरका घेतो, घाईने घेतो आणि खोलवर ओढतो. फिल्टरवरची छिद्रे ओठांकडच्या टोकापासून साधारण बारा मिलिमीटरवर, म्हणजे नेमकी ओठ आणि बोटे जिथे टेकतात तिथे असतात. ती दाबली गेली की पातळ करणारी हवा बंद होते आणि ‘सौम्य’ सिगारेट पुन्हा कडक होते.

संशोधक लिन कोझलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हा प्रकार ओळखण्याची सोपी खूण सांगितली. ती ओढून टाकलेल्या थोटकावरच असते. छिद्रे उघडी राहिली असतील, तर बाजूची हवा धुराला मधोमध ढकलते आणि फिल्टरच्या टोकाला मध्यभागी तपकिरी ठिपका, भोवती पांढरे कडे दिसते. छिद्रे झाकली गेली असतील, तर टोक कडेपर्यंत एकसारखे तपकिरी होते.

या बदलांचा मृत्यूंवर काही परिणाम झाला का, हेही तपासले गेले. अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतल्या ९ लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या नोंदींचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम, कमी आणि अतिकमी टारच्या सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याच्या धोक्यात फरक आढळला नाही. उलट फुप्फुसाच्या खोलवरच्या, कडेच्या भागात होणाऱ्या ॲडेनोकार्सिनोमा या कर्करोगाचे प्रमाण वाढले. सिगारेटची रचना आणि घडण बदलल्यामुळेच ही वाढ झाली, असा निष्कर्ष सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने काढला. फिल्टरवरची छिद्रे यामागच्या संशयितांपैकी एक आहेत. पातळ धूर खोल ओढला जातो आणि खोलवर जाऊन बसतो, हे त्यामागचे तर्कसूत्र आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी तंबाखू कंपन्यांनी ‘लाइट’ सिगारेटींबाबत लोकांची फसवणूक केल्याचा निर्वाळा दिला. युरोपीय संघात असे शब्द २००३ पासून आणि अमेरिकेत २०१० पासून पाकिटांवरून हद्दपार झाले. कॅनडाने तपासणीची कडक पद्धत आणली. तिच्यात झुरका ५५ मिलिलिटरचा, अंतर ३० सेकंदांचे आणि फिल्टरवरची छिद्रे पूर्ण बंद असतात. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये याच धर्तीवर तिथल्या शंभर प्रकारच्या सिगारेटी तपासल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्याच कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर गेल्या.

विडीचे पान

वेष्टनाला छिद्रेच नसतील तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडे आहे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांतून गोळा होणाऱ्या तेंदूपानातून हवा जवळपास जातच नाही. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आतबाहेर असते, म्हणजे सिगारेटच्या मानाने फारच कमी. पण धूर पातळ व्हायला किंवा कार्बन मोनॉक्साइड निसटायला वाटच नसते. पान धुमसतही राहत नाही, त्यामुळे विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्याला लागोपाठ झुरके घ्यावे लागतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत देशी विड्यांच्या धुराचे पृथक्करण केले. विडीत तंबाखू कमी असली, तरी तिचा धूर सिगारेटपेक्षा निरुपद्रवी नसल्याचे त्यातून दिसले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि ४ टक्के सिगारेट. पानात गुंडाळलेली, कारखान्यातली रसायने नसलेली विडी म्हणजे कमी घातक, हा आपल्याकडचा समज म्हणूनच मोडून काढायला हवा.

जीव वाचवणारा कागद

सच्छिद्रता वाढवण्याचे कसब जितके विलक्षण, तितकेच ती नेमक्या जागी कमी करण्याचे. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टवूड गावी सिगारेटने लागलेल्या आगीत एका कुटुंबातील सात जण दगावले. त्या भागाचे लोकप्रतिनिधी जो मोकली यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये आग न लावणाऱ्या सिगारेटीचा आग्रह धरला. १९८४ मध्ये कायदा होऊन संशोधन सुरू झाले. कमी सच्छिद्र कागद, सायट्रेटचा अभाव, लहान परीघ आणि विरळ भरलेली तंबाखू यांनी आग लागण्याची शक्यता घटते, हे त्यातून पुढे आले.

प्रत्यक्षात जो उपाय रुजला, तो कागदावरच्या पट्ट्यांचा. स्टार्च, अल्जिनेट यांसारख्या पदार्थाचा लेप देऊन सिगारेटभोवती ठरावीक अंतरावर सहा-सात मिलिमीटर रुंदीचे कडे काढतात. तिथली छिद्रे बुजतात. कागद उजेडासमोर धरला तर ही कडी फिकट वलयांसारखी दिसतात. कोणी झुरका घेत असेल तर निखारा हे कडे ओलांडतो. सिगारेट गादीवर तशीच पडली असेल, तर कड्यापाशी ऑक्सिजन पुरत नाही आणि ती विझते. इंग्रजीत या कड्यांना रस्त्यावरच्या गतिरोधकाचेच नाव पडले आहे.

यासाठीची कसोटीही वास्तवाला धरून आहे. गादी-उशीच्या जागी गाळणकागदाचे दहा थर ठेवतात आणि त्यावर ४० पेटत्या सिगारेटी एकेक करून तपासतात. त्यांपैकी पाव हिश्श्याहून जास्त शेवटपर्यंत जळता कामा नयेत. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये हा नियम लागू केला. त्यापाठोपाठ २००५ मध्ये कॅनडा, २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि २०११ मध्ये युरोपीय संघाने तो स्वीकारला. मॅसॅच्युसेट्समधील घरांच्या आगींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमानंतर सिगारेटमुळे आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. मात्र या सिगारेटींचा धूर इतर सिगारेटींइतकाच विषारी असतो.

कसोटी कोणती, हे महत्त्वाचे

या दोन रचनांची तुलना केली की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. दोन्हींत छिद्रांचेच शास्त्र आहे, आणि ते सारखेच अचूक आहे. पट्ट्यांचा कागद प्रत्यक्ष लागलेल्या आगी मोजून तपासला गेला, म्हणून त्याचा खरा उपयोग झाला. सौम्य सिगारेटीचा कागद मात्र दशकानुदशके अशा यंत्रावर पारखला गेला, ज्याला ना ओठ होते ना फुप्फुसे, आणि त्या यंत्राचे आकडे लोकांना आरोग्याची हमी म्हणून दाखवले गेले.

२००५ पासून अमलात असलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या नवव्या आणि दहाव्या कलमांत उत्पादनांची तपासणी आणि त्यातील घटकांची माहिती उघड करणे यांची तरतूद आहे. ही कलमे अमलात आणताना सरकारांनी कागदाची सच्छिद्रता, पट्ट्या आणि फिल्टरवरची छिद्रे यांचीही माहिती कंपन्यांकडून घ्यावी. धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. छिद्रांनी त्यांचे प्रमाण मागेपुढे करता येते, ती नाहीशी करता येत नाहीत. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोहोचायला हवे. धोका खरोखर कमी करायचा असेल, तर ब्रँड बदलून भागत नाही, सिगारेट आणि विडी सोडावीच लागते.