तळहाताएवढ्या चार जागा

मिसिसागातल्या आमच्या इमारतीच्या तळघरातून रस्त्यावर यायला एक छोटा चढ आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, आमची हायब्रिड त्या चढावर मधोमध थांबली. पुढची चाकं जराशी घसरली, डॅशबोर्डवर नागमोडी घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं आणि त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी ढिम्म हलेना. इंजिनाची घरघर नाही, चाकांचा आवाज नाही. मागे तीन गाड्या खोळंबलेल्या. गाडी हळूहळू मागे घेतली, तेव्हा शेजारच्या काकूंची दहा वर्षांची साधी पेट्रोल गाडी त्याच चढावरून सरळ वर निघून गेली. त्यांच्या गाडीला हिवाळी टायर होते. आमच्या गाडीला शोरूममधून आलेलेच.

तेव्हा गाडीनं नेमकं काय केलं, ते समजलं की टायरची निवड सोपी होते. इलेक्ट्रिक मोटर अगदी शून्य वेगापासून पूर्ण जोर देते. सिग्नल सुटल्यावर हायब्रिड अलगद पुढे सरकते ती त्यामुळेच. बर्फावर मात्र तोच जोर चाकाला जागच्या जागी गरगरवतो. असं मोकळं फिरणारं चाक एकदम कोरड्या डांबरावर टेकलं, तर मोटरला आणि गिअरला जबर हिसका बसेल. म्हणून चाक घसरल्याचं कळताच संगणक जोर काढून घेतो. सुरुवातीच्या काही हायब्रिड तो फार कठोरपणे काढून घेत. नव्या गाड्या त्या मानानं समजूतदार आहेत, आणि काहींत ही यंत्रणा तात्पुरती बंद करण्याचं बटणही असतं. पण संगणक पकड वाटून देऊ शकतो, निर्माण करू शकत नाही. दीड टनाची गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. जी काही पकड असेल ती तिथेच.

आता हायब्रिडसोबत येणारे टायर कसे असतात ते पाहा. गाडी घेणाऱ्याला मायलेज हवं, म्हणून कंपनी कमी ऊर्जा खाणारे टायर बसवते. चाक फिरताना रबर दबतं, पुन्हा वर येतं आणि त्या प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ही नासाडी कमी करायची म्हणून रबराचं मिश्रण आणि नक्षी त्या बेतानं ठेवतात. बर्फाला मात्र मऊ रबर, खोल नक्षी आणि बारीक चिरा भरपूर लागतात. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठर होऊ लागतं, ‘ऑल सीझन’ म्हणून विकलं जाणारं रबरही थंडी वाढेल तसं पकड गमावतं. थंडगार गॅरेजमध्ये शोरूमचा टायर आणि हिवाळी टायर शेजारी ठेवून नख दाबून बघा. पहिल्यावर नख नुसतं घसरतं. दुसऱ्यात ते किंचित रुततं, आणि जवळून पाहिलं तर रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या नागमोडी चिरा दिसतात. बर्फाच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर या चिरा खरवडून बाजूला करतात. शून्याच्या आसपासचा बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो तो याच थरामुळे. टोरंटोच्या परिसरात हिवाळाभर तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं, रस्त्यावरचं पाणी रात्री पुन्हा गोठतं. म्हणून इथे टायर घेताना त्याची भुसभुशीत बर्फातली कामगिरी नंतर पाहावी, गोठलेल्या बर्फावर तो किती अंतरात थांबतो ते आधी पाहावं, असं माझं मत आहे.

या विद्येतले जुने जाणकार फिनलंडचे. १९३४ साली तिथल्या एका कंपनीनं ट्रकसाठी हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये त्याच कंपनीचा मोटारींसाठीचा ‘हाकापेलीट्टा’ आला. ते नाव आजही दुकानात दिसतं.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूवरची चिन्हं बघा. ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं फक्त नक्षीची ठेवण सांगतात, त्यासाठी बर्फावर चाचणी झालेली नसते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चित्र मिळण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर पकडीची परीक्षा द्यावी लागते. पण ती परीक्षा वेग घेण्याची आहे, गोठलेल्या बर्फावर थांबण्याची नाही, हेही लक्षात असू द्या. वर्षभर ठेवता येणाऱ्या ‘ऑल वेदर’ टायरवरही हे चित्र असतं. फ्लॅटमध्ये चार चाकं ठेवायला जागाच नसेल, तर ते घ्यावेत. नवे म्हणून जुना माल गळ्यात पडत नाही ना, तेही पाहा. बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३८२४ असतील तर टायर २०२४ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

‘हिवाळी टायर लावले की मायलेज मरतं,’ ही तक्रार मराठी घरांत मी नेहमी ऐकते. मायलेज घटतं हे खरं, पण त्याचं बरंचसं खापर टायरवर उगाच फुटतं. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार शहरात चालवताना उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, हायब्रिडचं मात्र ३० ते ३४ टक्क्यांनी. कारण हायब्रिडची बरीचशी कमाई इंजिन बंद ठेवण्यात असते, आणि थंडीत केबिनची ऊब टिकवायला तेच इंजिन सिग्नलवरही चालू राहतं. गारठलेली बॅटरीही ब्रेकमधून परत येणारी वीज नीट घेत नाही. टायरचा वाटा त्यापुढे छोटा आहे. तो वाचवण्यासाठी चौकात थांबायचं अंतर वाढवू नये.

मापाचं म्हणाल तर मोठ्या रिमचा सोस हिवाळ्यात सोडावा. २०१० ते २०२२ पर्यंतच्या बऱ्याच प्रियसवर २१५/४५ आर १७ असे टायर येत. त्याच गाडीला १९५/६५ आर १५ बसतो. तो अरुंद असल्यानं बर्फ कापत खाली जातो, त्याची उंच बाजू खड्डे सोसते आणि खर्चही कमी येतो. मात्र ब्रेकवर लहान रिम बसते की नाही, ते दुकानदाराकडून आपल्या गाडीपुरतं तपासून घ्यावं. हायब्रिड बॅटरीमुळे वजनदार असते, तेव्हा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. शक्य असेल तर हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच चढवून घ्या. दर वर्षी रिमवरून टायर काढण्या-घालण्याचा त्रास आणि खर्च वाचतो.

‘आमची चारही चाकांवर चालते, आम्हाला काय गरज?’ असंही म्हणतात. प्रियसच्या २०१९ च्या अशा मॉडेलमध्ये मागच्या चाकांना छोटी मोटर होती, ती ताशी ७० किलोमीटरच्या आसपासपर्यंतच साथ देई. जागचं निघायला तिचा उपयोग नक्की होतो. थांबायला आणि वळायला मात्र काहीच नाही. दोनच हिवाळी टायर पुढे लावणं तर त्याहून घातक: पुढची बाजू धरते, मागची घसरते आणि वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चार म्हणजे चारच.

क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायरची सक्ती आहे. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. ती मागून घ्या. आमच्या घरी साधा नेम आहे: दिवाळीचा फराळ संपला की टायर चढवायचे, गुढीपाडवा झाला की उतरवायचे. पाडवा मार्चअखेरीस आला तर आठवडा-दोन आठवडे थांबायचं. दर सहा अंश थंडीमागे हवेचा दाब साधारण एक पाउंड घटतो, म्हणून महिन्यातून एकदा सकाळी गार टायरमध्ये तो मोजायचा. नक्षी चार मिलिमीटरवर आली की तो टायर बर्फात चालवायचा नाही.

आणि पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. वीसच्या वेगानं सरळ जाताना ब्रेक पूर्ण दाबा. हायब्रिडमध्ये सुरुवातीला मोटरच गाडी रोखत असते. चाक घसरलं की ती बाजूला होते, खरे ब्रेक काम हातात घेतात, आणि त्या अदलाबदलीत निमिषभर गाडी पुढे निसटल्यासारखी वाटते. मग पायाखाली पेडल थरथरतं, करकर आवाज येतो. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. दोन-तीनदा करा, म्हणजे शाळेपुढच्या उतारावर तोच हिसका बसेल तेव्हा तो तुमच्या पायाला ओळखीचा असेल.